बर्फाच्या छताखालचे पाणी

डिसेंबर-जानेवारीतील पहाटे मुंबई-कोलकाता महामार्गाने सडक अर्जुनी तालुका ओलांडणाऱ्या प्रवाशाला दुतर्फा धानाची रिकामी बांधी दिसते आणि अधूनमधून वाफाळणारे तलाव दिसतात. पाणी हवेपेक्षा उबदार असते. त्याची वाफ थंड हवेत शिरताच तिचे धुके होते आणि सूर्य वर येईपर्यंत ते पाळीला बिलगून राहते. पूर्व विदर्भात थंडीची लाट आली की गोंदियाचे नाव राज्यातील सर्वांत गार शहरांच्या यादीत हमखास येते. किमान तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरते, शेकोट्या पेटतात. मात्र तलाव गोठत नाही. पहाटे गारठलेले पाणी दुपारच्या उन्हात पुन्हा तापते. ते गोठायचे, तर हवा दिवसेंदिवस शून्याखाली राहावी लागते.

जगाच्या उत्तरेकडील आणि उंचावरील हजारो तलावांवर दर हिवाळ्यात बर्फाचे जाड छत चढते. या छताला भोक पाडून, पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून काही माणसे त्याखालच्या पाण्यात उतरतात. वरवर हे निव्वळ धाडस वाटते. प्रत्यक्षात त्यात शालेय पुस्तकातले भौतिकशास्त्र आहे, पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या आरंभाचा शोध आहे आणि माणसाचा जीव सांभाळण्याची एक काटेकोर शिस्तही आहे. यातील शेवटची गोष्ट कधीही न गोठणाऱ्या तलावांच्या काठी राहणाऱ्यांनाही उपयोगी पडणारी आहे.

तलाव वरूनच का गोठतो?

महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानात ‘पाण्याचे असंगत आचरण’ हा भाग शिकवला जातो. त्यासोबत होपच्या उपकरणाची आकृती असते. थॉमस चार्ल्स होप या एडिंबरोच्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रयोग मांडला. उंच भांड्यातील पाण्याला मध्यभागी थंडावा द्यायचा आणि वरचे व खालचे तापमान मोजत राहायचे, एवढेच त्याचे स्वरूप. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र मोठा होता. बहुतेक द्रव थंड होताना आकसत जातात. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत आकसते आणि त्याखाली पुन्हा प्रसरण पावू लागते. म्हणजे ४ अंशांचे पाणी सर्वांत जड असते.

हाच नियम आता तलावाला लावून पाहावा. थंडी वाढू लागली की पृष्ठभागावरचे पाणी गार होते, जड होते आणि तळाकडे जाते. त्याच्या जागी खालचे उबदार पाणी वर येते. ही घुसळण सारा तलाव ४ अंशांवर येईपर्यंत चालते. त्यानंतर मात्र पृष्ठभागावरचे पाणी आणखी गार झाले, तर ते जड न होता हलके होते आणि वरच राहते. शून्य अंशावर त्याचा बर्फ होतो. बर्फातील रेणूंची रचना पोकळ असल्याने तो पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी हलका असतो आणि तरंगतो. पुढे हाच थर पांघरुणाचे काम करतो. वर हवा उणे २०-३० अंशांवर गेली, तरी पुरेशा खोल तलावात तळाशी ४ अंशांच्या आसपासचे द्रवरूप पाणी शिल्लक राहते.

पाणी इतर द्रवांसारखे वागले असते, तर बर्फ तळाशी बसत गेला असता आणि तलाव खालून वर असा पूर्ण गोठला असता. थंड प्रदेशांतील तलावांत मासाच काय, शेवाळही टिकले नसते. बर्फाखाली माणसाने उतरावे अशी जागाच उरली नसती.

झाकणाखालचा श्वास

बर्फाखालचा तलाव मेलेला नसतो. त्याचे जगणे मंदावलेले असते. मासे थंड रक्ताचे असल्याने त्यांच्या शरीराची गती पाण्याच्या तापमानाबरोबर उतरते. ते कमी हलतात, कमी खातात आणि त्यांना प्राणवायूही कमी लागतो. काही जातींचे बेडूक तळाशी निपचित पडून राहतात आणि कातडीतून पाण्यातला प्राणवायू घेतात.

खरा प्रश्न प्राणवायूच्या साठ्याचा असतो. उघड्या तलावाला वारा आणि लाटा हवा पुरवतात. झाकलेल्या तलावाचा हवेशी संबंध तुटतो. बर्फ स्वच्छ आणि पारदर्शक असेल, तर ऊन आत शिरते आणि पाणवनस्पती व सूक्ष्म शेवाळ प्राणवायू तयार करत राहतात. पण बर्फावर हिमाचा जाड थर साचला की आत अंधार होतो. प्रकाशसंश्लेषण थांबते. तळाचे कुजणे मात्र चालूच राहते आणि ते उरलेला प्राणवायू खाऊन टाकते. उथळ तलावांत अशा वेळी मासे मोठ्या संख्येने मरतात आणि वसंतात बर्फ वितळल्यावर ते काठाला लागलेले दिसतात. त्यांचा जीव थंडीने गेलेला नसतो. ते गुदमरून मेलेले असतात.

मैत्रीच्या शेजारचा तलाव

भारतातून अंटार्क्टिकावर गेलेल्या शास्त्रज्ञांचाही गोठलेल्या तलावांशी संबंध आला. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर पोहोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करीत. डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ ठरल्या. सेनगुप्तांचा विषय खडकांचा, तर पंतांचा समुद्राच्या पाण्याचा होता.

पुढे १९८९ मध्ये शिर्माखर ओअॅसिस या खडकाळ पट्ट्यात ‘मैत्री’ हे भारतीय केंद्र उभे राहिले. त्याच्या समोरच्या गोड्या पाण्याच्या तलावाला ‘प्रियदर्शिनी’ हे नाव मिळाले. केंद्राला लागणारे पाणी याच तलावातून येते. हिवाळ्यात त्यावर जाड बर्फ चढतो आणि खाली पाणी शिल्लक राहते. होपच्या प्रयोगातले तत्त्व तेथे राहणाऱ्यांच्या रोजच्या पिण्याच्या पाण्यामागे उभे असते.

या पट्ट्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत उंटरझे नावाचा तलाव आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. सडक अर्जुनीच्या शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधचा विस्तारही जवळपास तेवढाच सांगितला जातो. साम्य मात्र एवढ्यावरच संपते. उंटरझेची खोली १६० मीटरहून अधिक आहे आणि त्याचे बर्फाचे छत उन्हाळ्यातही पूर्ण वितळत नाही. ते सुमारे तीन मीटर जाड असते. तलावाला एका बाजूने हिमनदीची भिंत टेकलेली असल्याने तेथील पाणी ४ अंशांहूनही थंड, शून्याच्या जेमतेम वर असते.

अमेरिकेतील सेटी इन्स्टिट्यूटचे डॉ. डेल अँडरसन आणि त्यांचे सहकारी या छताला भोक पाडून उंटरझेत उतरले. तळाशी त्यांना जांभळट रंगाचे शंकू उभे असलेले दिसले. त्यांतील काही सुमारे अर्धा मीटर उंच होते. हे शंकू सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून तयार झाले होते. या शोधाचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अशाच आकाराचे जीवाश्म तीन अब्ज वर्षांहून जुन्या खडकांत सापडतात. पृथ्वीवर मासे, झाडे, किडे यांपैकी काहीही नव्हते, तेव्हाची जीवसृष्टी कशी दिसत असावी, याचा जिवंत नमुना बर्फाच्या छताखाली सुरक्षित राहिला होता. वर छत असल्याने वारा नाही, लाट नाही, चरणारे प्राणी नाहीत. म्हणूनच हे नाजूक बांधकाम टिकले. गुरूचा उपग्रह युरोपा किंवा शनीचा उपग्रह एन्सेलेडस यांच्या बर्फाखालच्या पाण्यात जीवसृष्टी असू शकेल का, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांनाही अशा तलावांचे महत्त्व वाटते.

यंत्रे पाण्यात सोडता येतात. तरीही नाजूक थराचा नेमका तुकडा अलगद कापून आणणे किंवा अनपेक्षित दिसलेल्या गोष्टीकडे वळून पाहणे, अशी कामे अजूनही माणसाचे डोळे आणि हात अधिक चांगली करतात. म्हणून माणूस खाली जातो.

भोक, दोर आणि काठावरचा माणूस

पाठीवर हवा घेऊन पाण्यात मोकळेपणी फिरण्याची सोय १९४३ मध्ये झाली. त्या वर्षी फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी सिलिंडरमधील दाबाखालची हवा गरजेपुरती तोंडात सोडणारे रेग्युलेटर तयार केले. महाराष्ट्रात आज स्कूबाची ओळख मालवण-तारकर्लीच्या समुद्रामुळे झाली आहे. उबदार समुद्रात पाणबुड्याला काही अडचण आली, तर शेवटचा मार्ग नेहमी वर असतो. सावकाश वर आले की मोकळी हवा मिळते. बर्फाखाली हा मार्गच बंद असतो. डोक्यावर छत आहे आणि बाहेर पडायला दार एकच आहे. ते ज्या भोकातून उतरले, तेच. बर्फाखालच्या बुडीचे सगळे नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात.

भोक बहुधा त्रिकोणी कापतात. कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या कडांवर हात टेकून जड साहित्यासह वर चढणे सोपे जाते. कापलेला बर्फाचा ठोकळा बाजूला ओढतात किंवा छताखाली सरकवून ठेवतात. भोकाभोवतीचा हिम चाकाच्या आऱ्यांसारख्या पट्ट्यांत झाडून काढतात. या पट्ट्यांतून खाली उजेड शिरतो आणि वाट चुकलेल्याला दार कोणत्या दिशेला आहे, हे कळते. काम संपल्यावर ठोकळा जागेवर बसवून तेथे खूण लावतात. एरवी नवा पातळ बर्फ धरलेले भोक हेच एखाद्या वाटसरूसाठी सापळा ठरायचे.

पाणबुड्याच्या अंगावरील पट्ट्याला दोर बांधलेला असतो. त्याचे दुसरे टोक वर पक्के रोवलेले असते आणि मधला भाग एका माणसाच्या हातात असतो. हा माणूस दुसरे कोणतेही काम करीत नाही. दोर सैल पडू द्यायचा नाही, ओढूनही धरायचा नाही आणि सतत त्याची भाषा ऐकत राहायचे, हेच त्याचे काम. एक हिसका, दोन हिसके, तीन हिसके यांचे अर्थ पथकागणिक थोडे बदलतात, पण ते पाण्यात उतरण्यापूर्वी ठरवून आणि घोकून घेतलेले असतात. लागोपाठ अनेक हिसके म्हणजे संकट आणि लगेच ओढून घ्या, हे मात्र सर्वत्र गृहीत असते.

याशिवाय एक पाणबुड्या पूर्ण पोशाखात भोकाशी तयार बसलेला असतो. त्याचा दोर मुद्दाम अधिक लांब असतो. खालच्या माणसाचा दोर सुटलाच, तर त्याने शोधत भटकायचे नसते. सरळ वर छतापर्यंत यायचे आणि तेथेच स्थिर राहायचे. राखीव पाणबुड्या मग लांब दोरासह छताखालून मोठे वर्तुळ काढतो. त्याचा ताणलेला दोर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि वाट चुकलेल्याच्या अंगाला लागतो. हवेचा हिशेबही ठरलेला असतो. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली संकटासाठी. तिसऱ्या वाट्याला हात लावायचा नाही.

थंडीचे दोन घाव

थंडी साहित्यावर आणि शरीरावर अशा दोन ठिकाणी घाव घालते. सिलिंडरमधील हवेचा दाब सुमारे २०० बार असतो. रेग्युलेटर तो एकदम उतरवतो. दाब उतरताना हवा प्रसरण पावते आणि विलक्षण गार होते. सायकलच्या ट्यूबमधून जोरात सुटणारी हवा बोटाला गार लागते, त्याचेच हे मोठे रूप. आधीच शून्याच्या आसपास असलेल्या पाण्यात या गारव्यामुळे रेग्युलेटरमध्ये बर्फ धरू शकतो आणि झडप उघडीच अडकते. मग हवा सुसाट वाहू लागते आणि सिलिंडर काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. म्हणून थंड पाण्यासाठी खास रेग्युलेटर वापरतात. सिलिंडरला स्वतंत्रपणे बंद करता येणाऱ्या दोन झडपा आणि त्यांवर दोन वेगवेगळी रेग्युलेटर ठेवतात. पाण्यात उतरण्यापूर्वी थंड हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेणे टाळतात, कारण श्वासातील बाष्प आत गोठते.

शरीराचे गणित आणखी कठोर आहे. पाणी त्याच तापमानाच्या हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. पाणबुडे अंगाला पाणी न लागू देणारा ‘ड्राय सूट’ घालतात आणि त्याच्या आत लोकरीसारखे उबदार कपडे घालतात. तरीही हातांची बोटे आधी बधिर होतात. गाठ सोडवणे किंवा झडप फिरवणे अवघड झाले की बुडी संपली असे समजायचे, हा संकेत आहे.

असा पोशाख नसताना बर्फातून पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते, याचा अभ्यास कॅनडातील डॉ. गॉर्डन गीसब्रेश्ट यांनी केला. त्यातून ‘एक-दहा-एक’ असा सोपा नियम रूढ झाला. पहिले एक मिनिट धापा लागतात, तेवढ्यात श्वास ताब्यात आणायचा. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात, तेवढ्यात बाहेर निघायचे. थंडीने बेशुद्धी येण्यास साधारण एक तास लागतो. अनेक जण त्या एका तासाआधीच जातात, कारण पहिल्या मिनिटात धापा लागून पाणी नाकातोंडात जाते.

हा नियम आता मराठी पर्यटकांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. लडाखमधील पँगाँग सुमारे ४,२५० मीटर उंचीवर आहे. त्याचे पाणी खारे असूनही हिवाळ्यात ते गोठते. सिक्कीममधील त्सोम्गो तलावावरही बर्फ धरतो. छायाचित्रासाठी अशा बर्फावर चालत जाण्याचा मोह अनेकांना होतो. एका माणसाचे वजन पेलण्यासाठी साधारण दहा सेंटीमीटर जाडीचा स्वच्छ, अखंड बर्फ लागतो. पांढरट, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ त्याच्या निम्माच भरवशाचा समजतात. शिवाय काठाशी जो बर्फ पक्का असतो, तोच झऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या तोंडाशी पातळ असू शकतो. स्थानिक लोक ‘जाऊ नका’ म्हणतात, तेव्हा ते ऐकणे हीच सर्वांत चांगली मोजणी.

आपल्या तलावाचे झाकण

गोंदिया-भंडाऱ्यातील तलाव गोठत नाहीत, पण ते झाकले मात्र जातात. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. देखभाल सुटल्यावर अनेकांत गाळ साचला. काठावरून बेशरम आत सरकली, कुठे जलपर्णी पसरली. उत्तरेकडच्या तलावावर हिमाचा थर जे करतो, तेच जलपर्णीचा हिरवा थर येथे करतो. खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात आणि प्राणवायू घटतो. फरक इतकाच, की तेथील झाकण वसंतात आपोआप वितळते. येथील झाकण कुणीतरी उपसल्याशिवाय जात नाही.

ते उपसण्याचे काम काही गावांत झाले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था यांनी मिळून काही तलावांतील बेशरम काढली, तळ नांगरला आणि पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. त्यामागचा विचार होपच्या उपकरणाइतकाच सरळ आहे. माशाला पाणी लागते, तसेच पाण्यात ऊन आणि प्राणवायूही लागतो. पाण्याखालचे गवत वाचले, तरच स्थानिक जातींचे मासे अंडी घालतात आणि हिवाळ्यात येणाऱ्या बदकांनाही चारा मिळतो.

दुसरा धडा दोराचा आहे. विसर्जनाच्या वेळी, पोहायला गेलेल्या मुलांच्या बाबतीत किंवा म्हशी धुताना तलावात माणूस बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अनेकदा एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात. मग गावातील ढिवरांना बोलावले जाते. ते पाण्याचे जाणकार असतात, पण तोपर्यंत बहुधा वाचवण्याची वेळ टळलेली असते आणि उरते ते फक्त शोधणे. बर्फाखाली उतरणारे, वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेतलेले पाणबुडेसुद्धा दोर न बांधता आणि काठावर माणूस न ठेवता पाण्यात शिरत नाहीत. मग काठावरच्या साध्या माणसाने तसे करावे, याला काहीच आधार नाही.

बुडणाऱ्यापर्यंत आधी काठी, साडी किंवा बांबू पोहोचवावा. ते जमत नसेल, तर दोर बांधलेली ट्रकची हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. नंतर डोंगा न्यावा. उडी ही सर्वांत शेवटची आणि ती घेणाऱ्याच्या कमरेला दोर असलाच पाहिजे. प्रत्येक तलावाच्या पाळीवर, विशेषतः विसर्जनाच्या घाटावर, एक ट्यूब आणि तीस-चाळीस मीटरचा मजबूत दोर टांगून ठेवण्यास ग्रामपंचायतीला फारसा खर्च येत नाही. तो दोर कुणी कसा धरायचा, हे शाळेतील मुलांना एका दुपारी शिकवता येते.

अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली तीन अब्ज वर्षांपूर्वीच्या जगाचे दर्शन घेऊन माणूस सुखरूप परत येतो, ते त्याच्या धाडसाच्या बळावर नव्हे. वर कडाक्याच्या थंडीत उभा असलेला कुणीतरी त्याचा दोर हातातून सोडत नाही, म्हणून तो परत येतो. सडक अर्जुनीच्या तलावांना बर्फाचे छत कधी लाभणार नाही. पाळीवर एक दोर आणि तो धरणारा एक माणूस मात्र प्रत्येक तलावाला लाभू शकतो.